दुर्गाघाटावरचा शेवटचा दगड

ब्रह्मा घाट, वाराणसी
१० मार्च २०२५

ती. शरदिनी आत्यास,
विश्वजीतचा साष्टांग नमस्कार, घसा पार बसल्यामुळे लेखीच.

जिंकलो! आत्या, जिंकलो! तुझ्या कॅनडातल्या एवढ्याशा बर्फाळ गावाने कर्लिंगमध्ये प्रांताचा करंडक मारला आणि इथे आमच्या गल्लीत ढोल वाजला. तुमची शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ. बाबा आत पूजेला बसलेले, आणि बाहेर मी, आपली धाकटी मधुरा आणि शेजारचा सुमंत लॅपटॉपला चिकटलेले. तू कोविडच्या वर्षी ती पहिली लिंक पाठवलीस आणि आम्हा तिघांना वेड लावलंस, त्याचं पाप तुझ्या माथी. शेवटचा दगड सुटला तेव्हा मधुराने उशीत तोंड खुपसलं होतं. तिला दिसलंच नाही, पण त्या दगडाने समोरच्यांचे दोन दगड कसे उडवले ते ऐकू आलं. तो आवाज! मला या खेळात सगळ्यांत काय आवडत असेल तर तो आवाज.

मग गुलाल, मग हर हर महादेव, मग सगळ्या गल्लीला मिठाई, लवंगलता. लोक विचारायला लागले, कोण जिंकलं, कोणाची निवडणूक? मी प्रत्येकाला धरून समजावलं की कर्लिंग म्हणजे कॅरम आणि बुद्धिबळ दोन्ही, फक्त बर्फावर, आणि सोंगटी वीस किलोची. पुढे दोघं झाडूने बर्फ घासत पळतात म्हणून दगड लांब जातो. यात न कळण्यासारखं काय आहे? पण मोहन पानवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "ई कौन खेल हौ गुरु? मेहरारू अँगना बुहारत हईं, ओही पर कप मिल गइल?" बायका अंगण झाडतात, त्यावर कप म्हणे! मी त्याचं काताचं भांडं त्याच्याच डोक्यावर उपडं केलं. आता आठवडाभर लाल डोक्याने हिंडेल.

दोन बातम्या आणखी. एक, तुझ्या फोटोचा फ्लेक्स केलाय. क्लबचा स्वेटर, हातात झाडू, आणि उंची सहा फूट. दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर लावलाय. दोन, होळी झाली की रविवारी आम्ही तिथेच सामना खेळणार. घाटाचा चबुतरा साबणाच्या पाण्याने गुळगुळीत करायचा, रांगोळीने वर्तुळं काढायची. दगडाचं अडलं होतं, ते सुमंतने सोडवलं. आखाड्यात पोरांच्या सरावाची लहान नाल आहे ना, गोल दगड आणि मधे धरायला मूठ? वाटतं तुमच्या कर्लिंगसाठीच कोणी घडवली!

ई-मेल असली तरी पत्रासारखं लिहायचं ही तुझी अट पाळली आहे. बाबा बरे आहेत. बँकेत मला कायम केलं.

तुझा,
विश्वजीत


११ मार्च २०२५

चि. विश्वजीतास,
अनेक आशीर्वाद, डाव्या हाताने. उजव्या हाताने तुझा कान धरला आहे.

अरे गाढवा, मोहनचं काय चुकलं? मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसले होते. मोठी माणसं दगडाच्या पुढे झाडू घेऊन पळतात, हे दृश्य हसण्यासारखंच आहे. ज्याला हसू येतं त्याला हसू द्यावं आणि शेजारी बसवून घ्यावं. तिसऱ्या डावाला तो आपोआप गप्प होतो.

शनिवारी इथेही सगळे वेडे झाले होते. आमच्या क्लबातले म्हातारे टेबलांवर चढले आणि मग त्यांना उतरवायला पोरं बोलवावी लागली. पण मला या खेळात आवाज नाही आवडत, दुसरंच काही आवडतं. चालत्या दगडाला आपला झाडू किंवा पाय चुकून लागला, तर ज्याचा लागला त्याने स्वतः हात वर करायचा. कोणी पाहिलेलं नसलं तरी. पंच विचारायला येत नाही. आणि सामना संपला की दोन्ही संघ एका टेबलाशी बसतात, आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायचं. मारामारीच्या देशातून आलेल्या बाईला याचं किती अप्रूप वाटतं ते तुला नाही कळायचं.

नालीबद्दल: आखाड्यात जाऊन मागा. विचारल्याशिवाय आणू नका. ती त्यांची बजरंगबलीच्या पुढ्यातली वस्तू आहे, नमस्कार केल्याशिवाय तिला कोणी हात लावत नाही. जमिनीवरून सरकवू देतील असं मला वाटत नाही. नाही म्हणाले तर पाण्याने भरलेली पितळी कळशी घ्या.

आणि तो फ्लेक्स उतरव. कारण विचारू नकोस. मी इकडे कोण आहे याबद्दल दादाने, तुझ्या बाबांनी, मोहल्ल्यात काय काय सांगून ठेवलंय ते मला ठाऊक आहे, त्यात आणखी सहा फुटांची भर नको.

मधुराला लाड.
शरदिनी आत्या


१८ मार्च २०२५

ती. आत्यास, सा. न.

उत्तराला उशीर झाला. होळी होती.

सामना झाला. मजा आली. साबणाची पावडर आणि पाणी, वर सुमंत आणि मधुरा खराटे घेऊन, नाल अशी गेली की विचारू नकोस. बघायला शंभरेक लोक होते. मोहनसुद्धा आला होता आणि तू म्हणालीस तसा तिसऱ्या डावाला गप्प झाला.

नंतर एक छोटा अपघात झाला. आखाड्याचा गंगा पहलवान आला होता, थोडी बोलाचाली झाली. तो चबुतऱ्याच्या दोन पायऱ्या खाली उभा होता. नाल हातातून सुटली, साबणावरून घसरत गेली आणि त्याच्या गुडघ्याला लागली. हाड मोडलंय म्हणतात. मोहल्ल्यातल्या मोठ्या लोकांनी बसून तो अपघात ठरवला आणि ठाण्यात तसंच लिहून दिलं. सुमंत आणि मधुरानेही तसंच सांगितलं. बाबांनी इलाजाचं बघतो म्हटलंय.

तुमच्याकडे असं झालं तर काय करतात? म्हणजे दगड कोणाला लागला तर? सहज विचारतोय.

विश्वजीत


१८ मार्च, संध्याकाळ

विश्वजीत,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाल सुटली, घसरली, लागली. सगळं नालीनेच केलेलं दिसतंय. तू कुठे होतास?

गंगा म्हणजे आखाड्यातल्या जुन्या उस्तादांचा नातू ना? लहानपणी खांद्यावर बसून घाटावर यायचा. आता त्याचं पोट कुस्तीवरच असणार.

आमच्याकडे काय करतात ते मागच्या पत्रात लिहिलं आहे. तो तुला काय म्हणाला होता?

आत्या


२२ मार्च २०२५

आत्या,

मुद्दाम मारली. घे. झालं समाधान?

सगळंच सांगतो. नाल आम्ही न विचारता आणली होती. दुपारी आखाड्यात कोणी नसतं, तेव्हा. ती वर्तुळाबाहेर चालली म्हणून मी पायाने अडवली आणि नेमका तेव्हा गंगा आला. त्याने आधी नालीला हात लावून कपाळाला लावला, मग माझ्या कानफटात दिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती मी खाल्ली. चूक माझी होती, खाल्ली. तो तेवढ्यावर निघालाही होता. दोन पायऱ्या उतरला, तुझा फ्लेक्स पाहिला आणि दात काढून वळला. "ई के हौ, पंडित? तोहार बुआ? कनाडा जाके झाड़ू लगावेली?"

सगळा घाट हसला. नावाडी हसले, मोहन हसला, आंघोळ करणारे पाण्यात उभे राहून हसले. आपल्या घराण्यातल्या बाईला! जिच्या भावाच्या पायावर डोकं ठेवायला लोक दक्षिणेतून येतात, जी परदेशात शाळा चालवते, तिला झाडूवाली म्हणतो? मी नाल उचलली, चार पावलं धावलो आणि त्याच्या गुडघ्यावर सोडली. नेम धरून. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा आवाज झाला. खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता बसला, आणि त्याचा पाय नको त्या बाजूला वळलेला होता.

तुझ्यासाठी केलं मी हे. आणि तू मला विचारतेस, तू कुठे होतास!

आता पुढचं ऐक. काल सकाळी सुमंत दूध आणायला निघाला. गल्लीच्या तोंडाशी आखाड्याच्या चौघांनी त्याला भिंतीला दाबला आणि मुद्गलाने मारला. व्यायामाचं मुद्गल, आत्या, केवढं जड असतं! त्याचा हात कोपरातून उलटा झालाय. पुढचे तीन दात गल्लीत पडले होते, ते मधुराने रुमालात गोळा करून डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही. दूध आणि रक्त मिळून नाल्यापर्यंत गेलं होतं, कुत्री चाटत होती. सुमंतने काय केलं होतं? खराटा धरला होता, एवढंच.

म्हणून ठरलंय. सोमवारी सकाळी ते मातीत उतरले की आम्ही दहा जण आत शिरणार. माझ्याकडे लोखंडी नळी आहे, बाकीच्यांकडे सायकलच्या चेन. आपल्या दुर्गाघाटावर पूर्वी मुक्कीचे, नुसत्या मुठींचे सामने व्हायचे, आपल्या पणजोबांनी माणसं लोळवली होती असं तूच सांगायचीस. ते रक्त अजून आटलेलं नाही. थांबवू नकोस. कोणाला बोललीस तर सुमंतच्या हातासाठी तुला कधी माफ करणार नाही.

विश्वजीत


२२ मार्च

विश्वजीत,

मी झाडू लगावते.

इथल्या शाळेत. आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. वर्ग, जिने, संडास. मुलं ओकतात ते मी पुसते, हिवाळ्यात दारातला बर्फ मी काढते. चांगलं काम आहे, चांगली माणसं आहेत, माझ्या नावाची किल्ल्यांची खोली आहे. त्या शाळेच्या मागेच क्लब आहे. तिथे खेळणाऱ्या आमच्या एका मास्तरांनी मला शाळेचा जिना झाडताना पाहिलं आणि म्हणाले, बाई, तुमचे हात आमच्या संघाला हवेत. अशी मी या खेळात आले.

दादाला मी लिहिलं होतं, शाळेत काम लागलं. त्याने मोहल्ल्यात सांगितलं, शिकवते. पुढच्या वर्षी मी हेडमास्तरीण झाले, पगार न वाढता. आता तुझ्या पत्रात शाळाच चालवायला लागले. मला माझ्या कामाची लाज नव्हती रे. तुम्हाला होती, म्हणून मी गप्प बसले.

गंगाने थट्टा केली आणि नेमकं खरं बोलला. तो मला मास्तरीण म्हणाला असता तर तू त्याला लवंगलता भरवली असतीस. झाडूवाली म्हणाला म्हणून तू त्याचा पाय मोडलास. झाडू ही शिवी आहे हे तुला कोणी शिकवलं? मी सांगते, आपल्याच घराने. आपला संडास साफ करायला जी बाई यायची, तिला आई पैसे वरून टाकायची, हातावर द्यायची नाही. मी दारात उभी राहून बघायची. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. तू त्या घरातला आहेस आणि मीही. तेव्हा माझ्यासाठी केलं म्हणू नकोस. तू ते स्वतःच्या नाकासाठी केलंस.

सुमंतच्या हातासाठी मी रडले. तो हात मुद्गलाने मोडला, आणि तुझ्या खोट्यानेही मोडला. तू पहिल्या दिवशी बोलला असतास तर ते तुझ्या दारात आले असते, त्याच्या वाटेत नाही.

सोमवारी नळी घेऊन गेलास तर मला आत्या म्हणायचं नाही. माझ्या नावाने आता एकाही माणसाचं रक्त सांडायचं नाही, समजलं? मारामारीला पणजोबा आठवले तुला! त्यांच्या हातात लोखंड नसायचं.

दगडाला पाय लागला आहे, विश्वजीत. हात वर कर. ठाण्यात कर आणि आखाड्यात कर. नोकरी जाईल. गेली तर गेली असं मी म्हणणार नाही, फार वाईट होईल. तरी कर. हे पत्र दादाला दाखव.

शरदिनी


ब्रह्मा घाट
४ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
नमस्कार. जबडा तारेने बांधल्यामुळे लेखीच.

बाबांना पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि म्हणाले, हे उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. मी म्हटलं, मी तेच घेऊन बाहेर निघालोय. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तुला फोन करायला दोनदा उचलला होता त्यांनी, मधुराने पाहिलं. लावला नाही.

ठाण्यात जबाब बदलून दिला. केस झाली, जामीन झाला, बँकेने निलंबित केलं. मधुराने आणि सुमंतनेही आपले जबाब बदलले. सुमंतला मारणारे चौघे पण आत जाऊन आले. माझे ते नऊ जण मला भेकड म्हणून मोकळे झाले. सुमंत काय म्हणाला ते लिहितो, कारण ते रोज ऐकू येतं. "तुझ्या खरेपणाने माझे दात येणार आहेत का?" मी रोज त्याला जेवण भरवायला जातो. तो खातो, माझ्याकडे बघत नाही. फ्लेक्स मी उतरवला. फाडला नाही, घडी करून माझ्या उशाखाली आहे.

गंगाचा गुडघा आता वाकणार नाही. डॉक्टरांनी सळई घातलीय. तीस वर्षांचा आहे.

आखाड्यातलं शेवटी लिहितो, ते लिहायला जड जातंय.

सोमवारी पहाटेच एकटा गेलो. नळी नेली नाही. ठंडाईचा लोटा नेला, तुझा तो जिंकणाऱ्याने पाजायचा नियम डोक्यात होता. मूर्खच मी, कोण जिंकलं होतं? गंगा मातीच्या कडेला खाटेवर होता, पाय उशांवर. नाल परत बजरंगबलीपुढे ठेवलेली होती, तिच्या काठाचा टवका उडालेला. मी चपला काढल्या, हात वर केला आणि म्हटलं, "हाथ से छूटा नहीं था. मारा था. देख के मारा था."

पहिला ठोसा मागून आला. मी हात खाली घेतला नाही, आत्या, मी ठरवलं होतं. दुसऱ्या ठोशाला जबडा गेला, तो मला आतून ऐकू आला. खाली पडल्यावर लाथा. एकाने मुंडी धरून मातीत दाबली, नाकातोंडात माती आणि रक्त. लोटा लवंडला होता आणि ठंडाई माझ्या गालाखाली आली होती. बदाम आणि मिऱ्याचा वास येत होता, आणि मला वाटलं की आता मरतो. घाबरलो. फार घाबरलो. गंगा बघत होता. त्याने बराच वेळ त्यांना थांबवलं नाही. मग म्हणाला, "बस."

मला उचलून त्याच्या खाटेशी बसवलं. तो मला शिव्या देईल असं वाटलं. त्याने शिव्या दिल्या नाहीत. घाटाकडे बोट दाखवून विचारलं, "ऊ फोटो वाली. तोहार बुआ. सच में झाड़ू लगावेली?"

मी मान हलवली. तोंडातून कसंबसं निघालं, "हाँ. इस्कूल में."

तो स्वतःच्या पायाकडे बघत बसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "त मारे काहे?"

मग मारलंस कशाला, एवढंच विचारलं त्याने, आत्या.

तुझा,
विश्वजीत